ऑर्डर येण्याआधी

१. "म्हणजे छोटा डॉक्टरच ना?"

नर्स प्रॅक्टिशनर हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला की दोन प्रश्न हमखास येतात. पेशंटचे नातेवाईक विचारतात, "म्हणजे छोटा डॉक्टरच ना?" आणि दहा वर्षं आयसीयूत घालवलेली स्टाफ नर्स विचारते, "आम्ही आत्ता करतो त्याहून वेगळं काय करायचं?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे: नाही, ती नर्सच असते. दुसऱ्या प्रश्नासाठी हे अख्खं प्रकरण लागेल. कारण हा कोर्स सुरू करण्याआधी काय तयारी करायची, हे या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं.

थोडं मागे जाऊ. १९६५ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड ही सार्वजनिक आरोग्यातली नर्स आणि हेन्री सिल्व्हर हा बालरोगतज्ज्ञ अशा दोघांनी मिळून एक प्रशिक्षण सुरू केलं. गावोगावच्या मुलांपर्यंत डॉक्टर पोचत नव्हता, नर्स पोचत होती. मग तिलाच नीट तपासायला, साधे आजार ओळखायला आणि कुठलं मूल लगेच डॉक्टरकडे पाठवायचं ते ठरवायला का शिकवू नये, एवढाच मुद्दा होता. गंमत म्हणजे फोर्डबाईंना कडवा विरोध झाला तो त्यांच्याच बिरादरीतून, नर्सिंगच्या प्राध्यापकांकडून. नर्सने डॉक्टरची कामं शिकायला घेतली तर नर्सिंग उरेल काय, ही त्यांची भीती. फोर्डबाई २०२५च्या जानेवारीत १०४ व्या वर्षी वारल्या. तोवर अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनर हा रोजच्या वैद्यकीय सेवेचा भाग होऊन गेला होता. मुलीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला किंवा टेक्सासला गेलेल्या आपल्याकडच्या आयांना तिथल्या क्लिनिकमध्ये बऱ्याचदा 'एनपी'च तपासते. परत आल्यावर "तिकडे नर्सच औषध लिहून देते हो!" हे त्या आश्चर्याने सांगतात.

इकडे तसं नाही. हा फरक पक्का डोक्यात ठेवूनच पुढे वाचा.

२. आपल्याकडे कोर्स कोणता

भारतीय नर्सिंग परिषदेने गेल्या दशकाच्या उत्तरार्धात 'नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर' हा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आणला. पदवी एम.एस्सी. नर्सिंगच्या तोडीची, पण घडण वेगळी. त्याला रेसिडेन्सी म्हणतात, आणि तो शब्द शोभेपुरता नाही. वर्गातल्या शिकवणीचा वाटा साधारण पाचवा हिस्सा. बाकीचा वेळ आयसीयूत, खाटेशेजारी. सकाळची, दुपारची, रात्रीची ड्यूटी करत करत शिकायचं.

प्रवेशासाठी बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग लागतं, राज्य परिषदेकडे नोंदणी लागते, पदवीला किमान ५५ टक्के लागतात आणि निदान एक वर्षाचा रुग्णालयातला अनुभव लागतो, तोही शक्यतो अतिदक्षता विभागातला. एक वर्ष ही कागदावरची अट झाली. माझं मत विचाराल तर दोन-तीन वर्षं आयसीयूत काढल्याशिवाय जाऊ नये. व्हेंटिलेटरचा अलार्म वाजला की पहिल्यांदा यंत्राकडे न बघता पेशंटकडे बघायची सवय अंगात मुरायला तेवढा वेळ लागतोच.

याच नावाशी नातं सांगणाऱ्या दोन गोष्टी वेगळ्या ओळखून ठेवा. एक, नर्स प्रॅक्टिशनर मिडवाइफ. केंद्र सरकारने २०१८ साली मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यानुसार नर्सना १८ महिन्यांचं प्रशिक्षण देऊन गुंतागुंत नसलेली बाळंतपणं त्यांच्या हाती सोपवायची, अशी ही योजना. दुसरी, समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे गावच्या उपकेंद्रात भेटणारे 'सीएचओ'. त्यांचा ब्रिज कोर्स सहा महिन्यांचा आणि काम प्राथमिक आरोग्याचं. महाराष्ट्रात नर्सिंगवाल्यांबरोबर आयुर्वेदाचे पदवीधरही त्या पदावर असतात. तिन्ही वाटा चांगल्या आहेत, पण एकीच्या जाहिरातीला भुलून दुसरीचा अर्ज भरणारे कमी नाहीत. या प्रकरणात आपण क्रिटिकल केअरची वाट धरू.

३. काय बदलतं?

आयसीयूतली चांगली स्टाफ नर्स पेशंटमधला बदल सगळ्यात आधी टिपते. डॉक्टर राउंडपुरते येतात, ती आठ-बारा तास तिथेच असते. बदल दिसला की ती कळवते, ऑर्डर येते, ती पाळते, केस पेपरवर लिहिते. ही साखळी तिला इतकी सवयीची असते की मधला एक टप्पा तिच्या नकळत गळून जातो: हे का होतंय?

तिला ते कळत नाही असं नाही. पुष्कळदा तिला पहिल्या वर्षाच्या रेसिडेंट डॉक्टरपेक्षा जास्त कळतं. पण विचारलं जात नाही, म्हणून ती तो विचार शब्दांपर्यंत आणत नाही. नर्स प्रॅक्टिशनरचं प्रशिक्षण नेमकं तिथे बोट ठेवतं. पहिल्याच आठवड्यात शिक्षक खाटेशेजारी उभे राहून विचारतात, "बीपी का पडलं? तुझ्या मते काय झालंय? काय करणार?" आणि गप्प उभे राहतात. दहा वर्षांचा अनुभव असलेल्या सिस्टरसुद्धा इथे अडखळतात.

म्हणून कोर्सच्या आधीची तयारी म्हणजे नवी पाठ्यपुस्तकं घोकणं नव्हे. आज ज्या पेशंटकडे तुमची ड्यूटी आहे, त्याच्याबद्दल ऑर्डर येण्याआधी मनाशी एक अंदाज बांधायचा आणि मग ऑर्डर काय येते ते बघायचं. जुळलं तर छान. नाही जुळलं तर राउंड संपल्यावर विचारायचं, "सर, तुम्ही हे का दिलं?" बहुतेक डॉक्टर अशा प्रश्नाला आनंदाने उत्तर देतात. न देणारेही भेटतील, त्यांच्यासाठी पुस्तक आहेच.

४. बीपी पडण्याची चार कारणं

आता एक विषय नीट धरून बघू, म्हणजे 'का' विचारणं म्हणजे काय ते कळेल. विषय: शॉक. रक्तदाब इतका घसरतो की अवयवांना पुरेसं रक्त मिळत नाही, ती अवस्था.

चार मजली इमारत डोळ्यांसमोर आणा. तळाच्या टाकीतलं पाणी मोटर वर चढवते. सकाळी सात वाजता चौथ्या मजल्यावरच्या काकू ओरडतात, "पाणी नाही!" कारणं चार असू शकतात. टाकीच रिकामी आहे. मोटर कमजोर झाली आहे. मोटर आणि टाकी ठीक, पण खालच्या तिन्ही मजल्यांवरचे सगळे नळ एकदम उघडे आहेत, त्यामुळे वरपर्यंत जोरच पोचत नाही. किंवा पाइपात मध्येच काहीतरी अडकलं आहे.

शरीरात टाकी म्हणजे रक्ताचं प्रमाण, मोटर म्हणजे हृदय, नळ म्हणजे रक्तवाहिन्यांची रुंदी. अपघातात रक्त वाहून गेलं किंवा कॉलऱ्यात पाणी गेलं तर टाकी रिकामी. मोठा हार्ट अटॅक आला तर मोटर कमजोर. जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद बेताल झाला, म्हणजे सेप्सिस झाला, तर रक्तवाहिन्या सैलावतात आणि सगळे नळ उघडतात. फुप्फुसाच्या धमनीत गुठळी अडकली किंवा हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी साठलं तर पाइप तुंबला.

चौघांचंही मॉनिटरवरचं बीपी ८० असेल. उपचार मात्र वेगवेगळे. रिकाम्या टाकीला सलाइन किंवा रक्त. उघड्या नळांनाही सुरुवातीला सलाइन, पण मग नळ आवळणारं औषध हवं, ते म्हणजे नॉरअॅड्रेनालिन. सेप्सिसमध्ये पहिल्या तीन तासांत वजनाच्या प्रत्येक किलोमागे निदान ३० मि.लि. सलाइन द्यावं असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सुचवतात. ६० किलोच्या माणसाला १८०० मि.लि. झालं. हेच १८०० मि.लि. हार्ट अटॅकवाल्या पेशंटला घाईघाईने दिलं तर कमजोर मोटर ते ओढू शकत नाही, पाणी मागे फुप्फुसांत तुंबतं आणि बीपी सुधारायच्या नादात त्याचा श्वासच कोंडतो. चौथ्या प्रकारात अडथळा काढल्याशिवाय बाकी सगळं तात्पुरतं.

अॅडव्हान्स्ड पॅथोफिजिऑलॉजी या भारदस्त नावाच्या विषयात हेच असतं, अर्थात कितीतरी बारकाईने. कोर्सच्या आधी अशा पाचच गोष्टी पक्क्या केल्या तरी पहिलं सत्र सुसह्य जातं: शॉक, श्वसनक्रिया अपुरी पडणं, मूत्रपिंड अचानक निकामी होणं, बेशुद्धी आणि सेप्सिस. जुनं फिजिऑलॉजीचं पुस्तक माळ्यावरून काढा. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला परीक्षेपुरतं वाचलेलं तेच पान, आता डोळ्यांसमोर एखादा पेशंट असताना वाचलं की वेगळंच वाटतं.

५. आकडेमोड, कागदावर

सिरिंज पंपात आकडा टाकला की काम झालं, अशी सवय आपल्याला लागली आहे. पण पंपात टाकायचा आकडा ठरवणार कोण? दोन हिशेब हाताने यायलाच हवेत.

पहिला, सरासरी रक्तदाब. मॉनिटरवर कंसात दिसतो, वॉर्डात त्याला नुसतं 'मीन' म्हणतात. खालच्या आकड्याची दुप्पट करा, त्यात वरचा मिळवा, तिनाने भागा. ९०/६० असेल तर १२० अधिक ९०, म्हणजे २१०, भागिले ३, उत्तर ७०. खालचा आकडा दोनदा का धरायचा? कारण हृदय आकुंचनापेक्षा प्रसरणात जास्त वेळ असतं. सेप्टिक शॉकमध्ये हे मीन निदान ६५ राखायचं असतं. म्हणजे ९०/६० बघून घाबरायचं कारण नाही, आणि ८४/४८ बघून निवांत बसायचं नाही, कारण तिथे मीन ६० येतं.

दुसरा, नॉरअॅड्रेनालिनचा. समजा सिरिंजमध्ये ४ मिलिग्रॅम औषध आहे आणि एकूण द्रव ५० मि.लि. ४ मिलिग्रॅम म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम. भागिले ५०, म्हणजे प्रत्येक मि.लि.मध्ये ८० मायक्रोग्रॅम. पेशंट ६० किलोचा, डोस किलोमागे मिनिटाला ०.१ मायक्रोग्रॅम. मिनिटाला ६, तासाला ३६० मायक्रोग्रॅम. ३६० भागिले ८०: पंपावर ताशी ४.५ मि.लि. इथपर्यंत बहुतेकींना येतं.

खरी मेख पुढे आहे. आपल्याकडच्या अँप्यूलवर बऱ्याचदा नॉरअॅड्रेनालिन बायटार्ट्रेट असं छापलेलं असतं, आणि २ मिलिग्रॅम बायटार्ट्रेट म्हणजे मूळ नॉरअॅड्रेनालिन १ मिलिग्रॅमच. प्रोटोकॉलमधला डोस मूळ औषधाचा आणि सिरिंजमध्ये मोजलेले मिलिग्रॅम बायटार्ट्रेटचे, असं झालं तर पेशंटला ठरल्याच्या निम्मंच औषध जाणार. ड्यूटीवर असताना एक अँप्यूल हातात घ्या, उजेडात धरा आणि लेबल शेवटच्या बारीक अक्षरापर्यंत वाचा. मग तुमच्या आयसीयूतला तक्ता कुठल्या हिशेबाने केलाय ते इन्चार्ज सिस्टरना किंवा फार्मसिस्टना विचारा. हा प्रश्न विचारणारी व्यक्ती नर्स प्रॅक्टिशनर व्हायला तयार झाली आहे असं मी समजतो.

६. नॉर्मल दिसणारा आकडा

एबीजी, म्हणजे धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी. रिपोर्टवर दहा-बारा आकडे असतात, सुरुवातीला तीन बघा. पीएच: ७.३५ ते ७.४५ ठीक, खाली गेला तर रक्तात आम्लता वाढली. कार्बन डायऑक्साइडचा दाब: ३५ ते ४५, हा फुप्फुसांच्या ताब्यातला. बायकार्बोनेट: २२ ते २६, हा मुख्यतः मूत्रपिंडांच्या ताब्यातला. कार्बन डायऑक्साइड वाढला की आम्लता वाढते, बायकार्बोनेट घटलं तरी वाढते.

मधुमेहाची एक पेशंट घ्या. इन्सुलिन चुकलं, उलट्या, जोरजोरात श्वास चाललाय. रिपोर्ट: पीएच ७.२९, कार्बन डायऑक्साइड २८, बायकार्बोनेट १३. बायकार्बोनेट घटलंय म्हणून आम्लता. मग कार्बन डायऑक्साइड कमी का? शरीर भराभर श्वास घेऊन तो बाहेर टाकतंय आणि आम्लता आटोक्यात ठेवायची धडपड करतंय. ही धडपड पुरेशी आहे का ते बघायला सोपं सूत्र आहे: बायकार्बोनेटची दीडपट अधिक ८. तेराची दीडपट १९.५, अधिक ८, उत्तर २७.५. म्हणजे कार्बन डायऑक्साइड साडेसत्तावीसच्या आसपास, दोन इकडे-तिकडे, असायला हवा. आहे २८. शरीर आपलं काम चोख करतंय.

तीन तासांनी पुन्हा एबीजी. बायकार्बोनेट १३ च. कार्बन डायऑक्साइड ४०. रिपोर्टच्या कागदावर त्या ४० पुढे कुठलीही लाल खूण नसते, कारण छापील मर्यादेत तो बसतो. खाटेजवळही पेशंट 'शांत' झालेली दिसते, श्वास मंदावलाय. नातेवाइकांना हायसं वाटतं. पण पीएच बघा: ७.१३ च्या घरात. हिचा कार्बन डायऑक्साइड २८ च्या आसपास राहायला हवा होता. तो ४० झाला याचा अर्थ श्वास घेऊन घेऊन ती दमली आहे. आता श्वासनळीत नळी घालायची वेळ येऊ शकते, आणि वरिष्ठांना बोलवायचं ते आत्ताच.

स्टाफ नर्स म्हणून तुमच्याकडून अपेक्षा असते ती लाल खुणा कळवण्याची. नर्स प्रॅक्टिशनरकडून अपेक्षा असते ती लाल खूण नसलेला हा ४० पकडण्याची.

सरावासाठी एक सोय तुमच्या हाताशीच आहे. आयसीयूत रोज जे रिपोर्ट निघतात त्यातले आकडे, पेशंटचं नाव-नंबर न टिपता, वहीत उतरवा आणि घरी सोडवा. रोज एक पुरे.

७. हात, कान, गुडघे

यंत्रांनी वेढलेल्या खोलीत पेशंटला हात लावणं कमी होत जातं, हे सगळ्या आयसीयूंचं दुखणं आहे. कोर्समध्ये आरोग्य मूल्यमापन हा मोठा विषय असतो: डोक्यापासून पायापर्यंत तपासणं, छातीचे आवाज, हृदयाचे आवाज, पोट, मज्जासंस्था. इथे एकच गोष्ट सांगतो, कारण तिला पैसे लागत नाहीत.

बोटाचं टोक दहा सेकंद दाबून धरा, पांढरं पडेपर्यंत. सोडा. पुन्हा गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते मोजा. तीन सेकंदांहून जास्त लागले तर रक्त टोकापर्यंत नीट पोचत नाही. याला केपिलरी रिफिल म्हणतात. हे शाळकरी वाटणारं मोजमाप २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या 'अँड्रोमेडा शॉक' नावाच्या मोठ्या चाचणीत लॅक्टेट या रक्तचाचणीच्या समोर उभं केलं गेलं होतं. सेप्टिक शॉकच्या पेशंटचा उपचार बोटाकडे बघून करायचा की लॅक्टेटच्या आकड्याकडे, अशी ती तुलना होती. बोट मागे पडलं नाही. ज्या तालुक्याच्या गावी लॅक्टेटचा रिपोर्ट यायला अर्धा दिवस जातो, तिथल्या नर्ससाठी ही फार मोलाची बातमी आहे. त्याच वेळी चादर बाजूला करून गुडघे बघा. गुडघ्याभोवती जांभळट जाळी दिसली की बीपीचा आकडा काहीही असो, सावध व्हा.

स्टेथोस्कोपचं म्हणाल तर निरोगी छाती भरपूर ऐका. घरातल्यांची, मैत्रिणींची. चांगलं काय ते कानात बसल्याशिवाय बिघडलेलं कळत नाही.

८. रात्री तीनचा फोन

"सर, सहा नंबरचं बीपी कमी आहे."
"किती?"
"८४/४८."
"सलाइन चालू आहे ना? बघतो."

हा संवाद महाराष्ट्रातल्या कुठल्याही आयसीयूत कुठल्याही रात्री ऐकू येईल. यात कोणाचीच चूक नाही आणि पेशंटचा अर्धा तास गेला. आता दुसरा ऐका.

"सर, सहा नंबर. बासष्ट वर्षांचे, न्यूमोनिया, आज दुसरा दिवस. मीन तासाभरापूर्वी ७२ होतं, आता ६० आहे. दोन तासांत लघवी फक्त २० मि.लि. केपिलरी रिफिल पाच सेकंद, गुडघे गार. दीड लिटर सलाइन झालंय, छातीत नवीन आवाज नाहीत. मला सेप्टिक शॉक वाटतोय. प्रोटोकॉलप्रमाणे नॉरअॅड सुरू करते आणि लॅक्टेट पाठवते. तुम्ही दहा मिनिटांत येऊ शकाल?"

या पद्धतीला एसबीएआर म्हणतात. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांत ती वापरात होती, तिथून ती रुग्णालयांत आली. चार भाग: काय घडतंय, मागचं काय, मला काय वाटतं, काय करायला हवं. पहिले दोन भाग आपल्या नर्सना उत्तम येतात, कारण रोज ओव्हर देताना त्या तेच करतात. तिसऱ्याला जीभ अडते. "मला वाटतं" हे वाक्य वॉर्डात त्यांच्या तोंडून कोणी ऐकून घेतलेलं नसतं. वरिष्ठांना ते आगाऊपणाचं वाटेल ही भीती असते, आणि काही ठिकाणी ती खरीही असते.

म्हणून या वाक्याचा सराव कोर्सच्या आधीच करायचा. आरशासमोर नको, ओव्हर देताना करा. रोजच्या ओव्हरच्या शेवटी एकच वाक्य जोडा: "रात्री यांच्यात मला अमुक काळजी वाटते, तमुक बघा." चुकलं तर चुकलं. पुढच्या शिफ्टची सिस्टर सकाळी सांगेलच.

९. रेघ कुठे आहे

आता ती सुरुवातीला सांगितलेली गोष्ट. भारतात नर्स प्रॅक्टिशनर स्वतःचा दवाखाना थाटून औषधं लिहून देऊ शकत नाही. औषध नियम, १९४५ नुसार शेड्यूल एच मधली औषधं नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायीच्या चिठ्ठीवरच विकता येतात, आणि नर्स त्या व्याख्येत येत नाही. क्रिटिकल केअरच्या अभ्यासक्रमात जी मुभा आहे ती रुग्णालयाने लिहून ठरवलेल्या प्रोटोकॉलच्या आत. कुठल्या परिस्थितीत कुठलं औषध किती डोसपासून सुरू करायचं, कधी थांबायचं, कधी डॉक्टरला बोलवायचंच, हे सगळं आधी कागदावर असतं आणि त्यावर जबाबदार डॉक्टरांची सही असते. वरच्या फोनमधला "प्रोटोकॉलप्रमाणे" हा शब्द म्हणून फार महत्त्वाचा. तो कागद नसेल तर तिला ते वाक्य बोलायचा अधिकार नाही.

ही चौकट कायमची आहे असं नाही. १९४७ च्या भारतीय नर्सिंग परिषद कायद्याच्या जागी २०२३ साली संसदेने राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा केला. नियम पुढे बदलत राहतील. पण उद्या काय होईल या भरवशावर आज हातात औषधाची सिरिंज घेऊ नका.

१०. घर, पैसा आणि कॉलेजला विचारायचे प्रश्न

दोन वर्षं पाळ्यांमध्ये काम, वर अभ्यास, वर संशोधनाचा छोटा प्रकल्प, वर लॉगबुक. लहान मूल असेल तर ते कोण बघणार हे प्रवेशाआधी ठरवा, "बघू तेव्हा" म्हणू नका. सासूबाई किंवा आई मदत करणार असतील तर त्यांना नाइटचं वेळापत्रक कसं असतं ते मोकळेपणाने सांगा. आधी कोणी बोलत नाही, आणि पहिल्या परीक्षेच्या तोंडावर घरात वाद होतात. सरकारी नोकरीत असाल तर अभ्यास रजा मिळते का, पगार चालू राहतो का, परत आल्यावर किती वर्षांचा बॉण्ड, हे सगळं लेखी घ्या. तोंडी आश्वासनं बदली झालेल्या साहेबांबरोबर निघून जातात.

कॉलेज निवडताना नाव, इमारत, वेबसाइट यांत फार अडकू नका. पाच गोष्टी विचारा. परिषदेच्या चालू वर्षाच्या मान्यतेच्या यादीत तुमचा हाच कोर्स आहे का? संलग्न आयसीयूत खाटा किती आणि त्यावर विद्यार्थी किती? शिकवायला अतिदक्षतेतले डॉक्टर खाटेशेजारी येतात का, की फक्त वर्गात? स्टायपेंड किती, आणि तो बँकेत जमा होतो का? मागच्या तुकडीतल्या मुली आज कुठे आणि कोणत्या पदावर काम करतात?

शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे, कारण अनेक रुग्णालयांत या पदवीला साजेसं वेगळं पद अजून नाही. पदवी मिळते आणि बाई पुन्हा स्टाफ नर्सच्या त्याच पगारावर, त्याच ड्यूटी चार्टमध्ये येते. फरक फक्त तिच्या डोक्यात झालेला असतो. हे अन्यायाचं आहे. हे माहीत असूनही जायचं असेल तर जा. ज्ञान वाया जात नाही आणि पेशंटला त्याचा फायदा होतोच. पण दोन वर्षांनी कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

आणि फी भरण्याआधी कॉलेजला एक विनंती करा: तुमच्या आयसीयूत, तुमच्या आत्ताच्या विद्यार्थिनीबरोबर मला एक पूर्ण शिफ्ट उभं राहू द्या. पेशंटला हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. राउंडमध्ये त्या मुलीला कोणी "तुला काय वाटतं?" असं विचारतंय का, एवढंच बघा. विचारत नसतील, किंवा शिफ्टलाच नाही म्हणत असतील, तर दुसरं कॉलेज शोधा.